परतवारीचाही आराखडा हवा

लेहला किंवा कन्याकुमारीला मोटरसायकलवर एकट्यानं निघणाऱ्याला निरोप द्यायला मित्र जमतात, हँडलला हार पडतो, फोटो निघतात. पुण्याच्या रमिला लटपटे मार्च 2023 मध्ये नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियावरून जगभ्रमंतीला निघाल्या, त्याच्याही बातम्या झाल्या. हे कौतुक व्हायलाच हवं. परतीच्या वाटेचा विचार मात्र क्वचितच कुणी करतो, आणि तो न करणं जिवावर बेतू शकतं.

नकाशावर शेवटचा टप्पा सोपा दिसतो. उत्तरेकडून येणारा सोलापूरकर धुळे, बीड, तुळजापूर करत राष्ट्रीय महामार्ग 52 नं येतो. दक्षिणेकडून येणाऱ्याला त्याच रस्त्यावर विजयपुरापासून शंभरेक किलोमीटरच उरतात. ‘आलंच की घर’ म्हणत शेवटचा मुक्काम गाळला जातो आणि दोन दिवसांचं अंतर एका दिवसात कापलं जातं. साहजिकच शेवटचे तास अंधारात जातात. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. सर्वाधिक अपघात झाले ते संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत.

त्यातून सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गाळप हंगामात उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागं लाल दिवा तर सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नसतो. ताशी 80 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दिवसभर वारा खाऊन शिणलेल्या स्वाराचा तीन सेकंद जरी डोळा लागला, तरी 66 मीटर रस्ता त्यानं पाहिलेलाच नसतो.

परतण्याला मान कसा द्यायचा, हे याच जिल्ह्यातल्या पंढरपूरला ठाऊक आहे. आषाढीला लाखो वारकरी पालख्यांसोबत येतात. पौर्णिमेच्या गोपाळकाल्यानंतर पालख्या माघारी निघतात, तेव्हा सोबत थोडेच उरतात. वर्दळ ओसरलेली असते, पण मुक्काम ठरलेले असतात, नित्यनेम चुकत नाही. पादुका आळंदीला, देहूला पोचल्याशिवाय वारी पूर्ण झाली असं परतवारी करणारे मानत नाहीत.

घरी पोचल्यावरही एक अवघड चढ असतोच. एल्स्पेथ बिअर्ड ही ब्रिटिश वास्तुविशारद 1982 मध्ये बीएमडब्ल्यू मोटरसायकलवर एकटीच जगप्रदक्षिणेला निघाली. वाटेत सिडनीत नोकरी करून तिनं पुढचे पैसे उभे केले, भारतातूनही ती गेली. सुमारे 56,000 किलोमीटर करून 1984 मध्ये लंडनला परतली, तर ना घरच्यांनी फारसं विचारलं, ना वृत्तपत्रांनी. तिचं पुस्तक आलं ते थेट 2017 मध्ये. एवढा अनुभव तीन दशकं अडगळीत पडून राहिला, याची खरंच हळहळ वाटते.

सोलापुरातल्या रायडर मंडळींनी यात पुढाकार घ्यावा. परतणाऱ्यानं शेवटचा मुक्काम तुळजापूर, टेंभुर्णी किंवा विजयपूरला करावा आणि सकाळच्या उजेडात शहरात यावं. रजा मागतानाच परतल्यानंतरचे दोन दिवस जास्तीचे मागून घ्यावेत. एक अंगाला विश्रांती म्हणून, दुसरा चेन, ब्रेक, टायर मेकॅनिकला दाखवायला. आणि पुढच्या रविवारी मित्रांनी त्याला बोलावून सगळं ऐकावं: कुठं पेट्रोल संपलं, कुठल्या ढाब्यावर रात्री झोपायला जागा मिळाली, कुठला घाट पावसात टाळावा. पुढं निघणाऱ्या पोरापोरींना ही माहिती हवीच आहे.