ट्रामचा ताळेबंद आणि खानदेशची शहरे

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा ती संथ, जुनाट आणि रस्ता अडवणारी ठरवली गेली होती. नव्वद वर्षे जिने शहराची वाहतूक केली, तिच्याविषयीचा हा निवाडा न्याय्य होता काय? जळगाव आणि धुळे या शहरांच्या दृष्टीने हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्याच वर्षी भाडे तीन आण्यांवरून दोन आण्यांवर आणले गेले. १९०७ साली ट्राम विजेवर धावू लागली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेच्या मालकीची झाली. खानदेशाशेजारच्या नाशकातही गाव आणि नाशिक रोड स्थानक यांना जोडणारी ट्राम होती. १९३० नंतर लवकरच तीही तोट्यापायी बंद पडली.

हा ‘तोटा’ तपासून पाहिला पाहिजे. ट्रामला आपला मार्ग स्वखर्चाने बांधावा व राखावा लागे. मोटारीसाठी रस्ता मात्र सर्वांच्या करांतून होतो. एकीचा खर्च तिच्या हिशेबात धरायचा, दुसरीचा समाजाच्या माथी मारायचा, आणि मग पहिलीला तोट्यातली म्हणायचे, हा अर्थविचार नव्हे, पक्षपात होय. मुंबईत विजेच्या शिलकीतून वाहतुकीची तूट दीर्घकाळ भरून निघाली, कारण दोन्ही कामे एकाच सार्वजनिक उपक्रमाकडे होती.

जळगाव व धुळे येथे २००३ साली महानगरपालिका आल्या. पण औद्योगिक वसाहतीतील डाळमिलकडे निघालेला जळगावचा मजूर किंवा पांझरेपलीकडच्या देवपुरातून बाजारात येणारी भाजीवाली यांची भिस्त प्रामुख्याने रिक्षावरच राहिली. रिक्षावाल्याला दोष देण्याचे कारण नाही. तोही हप्त्यांखाली दबलेला श्रमिकच. परंतु सीटा भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, आणि रात्रपाळी सुटल्यावर ती मिळेलच याची हमी कोणी देत नाही.

या शहरांत रूळ टाका, असे आमचे म्हणणे नाही. केंद्राने २०२३ साली दहा हजार विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली. ती खाजगी भागीदारीवर आधारलेली आहे. अशा योजनेत भाडे, मार्ग आणि वेळा ठरवण्याचा अधिकार लोकनियुक्त पालिकेकडेच असला पाहिजे. त्याचबरोबर रस्त्यांवरील व बससेवेवरील खर्च अंदाजपत्रकात शेजारी-शेजारी मांडला जावा. म्हणजे कोणासाठी किती खर्च होतो, हे मजुरालाही वाचता येईल आणि नगरसेवकाला त्याचा जाबही विचारता येईल.