गुण जुळतात, अडतंय देण्याघेण्यावर

आमच्या न्यू जर्सीच्या घरात गेले सहा आठवडे एक नवीन इंटरफेस चालू आहे. त्याचं नाव बाबा. म्हणजे अस्मादिक!

लेक ११ वर्षांची, टाइप वन डायबेटिस. दंडावर सेन्सर, कमरेला इन्शुलिन पंप. सेन्सर दर ५ मिनिटांनी साखरेचा आकडा पाठवायचा, तो बघून पंप इन्शुलिन आपोआप कमी-जास्त करायचा आणि आम्ही झोपायचो. मग विमा कंपनीने यादीतला सेन्सर बदलला. नवा सेन्सरही उत्तम आहे हो, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त आमच्या पंपाशी तो बोलत नाही! आणि विम्यातून नवा पंप मिळायला अजून २ वर्षं आहेत.

परवा रात्री ३ वाजता फोन किंचाळला. ६२, आणि बाण खाली. पूर्वी पंपाने इन्शुलिन आधीच आवरतं घेतलं असतं. आता मी उठलो, पंप थांबवला, तिला अर्धवट झोपेत ज्यूस पाजला आणि आकडा वर येईपर्यंत उशाशी बसून राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, दोन कंपन्यांची यंत्रं जोडणं अवघड असेल. मंडळी, एका सिस्टीममधला डेटा दुसरीत पोचवणं यावरच माझं पोट चालतं. ब्लूटूथच्या मानकांत सीजीएमसाठी आणि इन्शुलिन देण्यासाठी वेगवेगळी प्रोफाइल्स आहेत. एफडीएने मार्च २०१८ मध्ये इतर उपकरणांशी जोडता येतील अशा सेन्सर्सचा स्वतंत्र वर्ग केला. पहिला मान डेक्सकॉम जी-६ चा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंपांसाठी तसाच वर्ग झाला, डिसेंबरात मधल्या अल्गोरिदमसाठीही. म्हणजे पत्रिका बघून झाल्या, गुण जुळले.

मग लग्न कुठे अडतं? देण्याघेण्यावर! वर्ग झाला म्हणून जोडणी झाली असं नाही. कुठला सेन्सर कुठल्या पंपाशी बोलणार, हे कंपन्यांचे करार ठरवतात. जी-७ ला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. तो टँडेमच्या पंपाशी बोलायला लागला डिसेंबर २०२३ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये तर ॲबट आणि मेडट्रॉनिक यांनी जाहीर केलं की लिब्रेच्या तंत्रावरचा एक सेन्सर येणार, पण चालणार फक्त मेडट्रॉनिकच्या यंत्रणांशी. हा इंजिनियरिंगचा निर्णय वाटतो तुम्हाला?

सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. चुकीच्या आकड्यावर दिलेलं इन्शुलिन जीव घेऊ शकतं. कुणीही उठावं आणि पंपाला आज्ञा द्यावी असं मी म्हणत नाही. पण दरवाजा बंद ठेवल्याने माणसं थांबतात का? डेना लुईस आणि स्कॉट लीब्रँड यांनी २०१५ मध्ये ओपन-एपीएस सगळ्यांसाठी खुलं केलं. ते चालवायला लोक मेडट्रॉनिकचे जुने पंप शोधत फिरायचे. का? तर त्यांत बाहेरून आज्ञा देता येण्याजोगं भोक होतं! २०१९ मध्ये त्याच भोकापायी कंपनीने त्यातली बरीच मॉडेल्स परत मागवली. पुढच्या दाराला कुलूप लावलंत, म्हणून लोक खिडकीतून आत शिरले. आणि पुढचं दार उघडता येतं, हेही सिद्ध झालंय. रुग्णांनीच घडवलेल्या लूपवर आधारलेल्या टाइडपूल लूपला जानेवारी २०२३ मध्ये एफडीएने रीतसर मान्यता दिली.

माझं म्हणणं साधं आहे. सेन्सर किंवा पंप विकायचा असेल तर त्याचा इंटरफेस प्रसिद्ध करा, चाचण्या जाहीर करा, आणि त्या पास करणाऱ्या कुणालाही जोडू द्या. 'जोडता येईल' पुरे नाही, 'जोडू दिलंच पाहिजे' हवं. तो आकडा माझ्या लेकीच्या शरीरातला आहे. कुणाच्या करारातलं कलम नव्हे.

तोवर ज्यांच्या घरी ही यंत्रं यायची आहेत त्यांनी एवढं करा. 'कुठला पंप चांगला' एवढंच विचारू नका. 'उद्या सेन्सर बदलला तर हा पंप कुणाकुणाशी बोलेल?' हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

असो. फोन वाजतोय. इंटरफेसला उठायला हवं.