शिकागोत कॉलेज निवडताना

मार्च-एप्रिलमध्ये प्रवेशाची आणि आर्थिक मदतीची पत्रे घरी येतात. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. शिकागोतल्या मराठी घरांत या दिवसांत एकच विषय असतो, आणि चर्चा बहुधा क्रमवारीतल्या आकड्यावर येऊन थांबते.

या शहरात निवडीला तोटा नाही. १८९० साली स्थापन झालेले हाइड पार्कमधले युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो संशोधनासाठी जगभर ओळखले जाते. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो (युआयसी) हे शहरातले मोठे सरकारी विद्यापीठ. इलिनॉयच्या रहिवाशांना तिथे फी कमी लागते. वास्तुकलेची ओढ असलेल्याने मीस व्हॅन डर रोहे यांनी आखलेला इलिनॉय टेकचा परिसर पाहावाच. लूपमध्ये डीपॉल आणि कोलंबिया कॉलेज आहेत. तिथे शिकताना नोकरी आणि इंटर्नशिपच्या जागा हाकेच्या अंतरावर असतात.

सिटी कॉलेजेसकडेही कमीपणाने पाहू नका. शहरातल्या शाळांमधून उत्तीर्ण झालेल्या पात्र विद्यार्थ्यांना स्टार शिष्यवृत्तीतून तिथे मोफत शिकता येते, आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते.

पत्र हाती आले की शिष्यवृत्ती किती आणि कर्ज किती, हे वेगवेगळे मांडा. वर्ग भरलेले असताना कॅम्पसवर जा, तिथल्या मुलांशी बोला. पालकहो, खर्चाचा हिशेब मुलांसमोर मोकळेपणाने ठेवा. शेवटचा निर्णय मात्र त्यांना घेऊ द्या. शिकायचे त्यांना आहे.