चाकांवरचे घर आणि माणसांचे खाते

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या उत्तरेकडील राज्यांत आणि शेजारच्या कॅनडात अनेक निवृत्त दांपत्यांच्या घरी एक ठरलेली तयारी सुरू होते. नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतील पाणी काढून टाकतात. फ्रीज रिकामा करून त्याचे दार उघडे ठेवतात, टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवतात आणि एक किल्ली शेजाऱ्याच्या स्वाधीन करतात. मग अंगणात उभे असलेले चाकांवरचे घर दक्षिणेच्या उन्हाकडे निघते. ते परतते एप्रिलच्या सुमारास, बर्फ वितळल्यावर. थंडीत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरून या मंडळींना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, ‘विंटर टेक्सन’ या नावाने त्यांचे स्वागत होते.

या घराला तिकडे आरव्ही म्हणतात. ज्याला स्वतःचे इंजिन असते ते मोटारहोम आणि जे दुसऱ्या गाडीने ओढावे लागते तो ट्रेलर. आत पलंग, ओटा, शेगडी, स्नानगृह असे सारे असते. पाण्याच्या टाक्या साधारणपणे तीन: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी ओट्याच्या व न्हाणीच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाची. पहिली किती रिकामी झाली आणि उरलेल्या दोन किती भरल्या, यावर रोज लक्ष ठेवावे लागते. मोठे मोटारहोम एका लिटर इंधनात जेमतेम तीन-चार किलोमीटर जाते. शिवाय नवे वाहन विक्रेत्याच्या दाराबाहेर पडताच घसारा सुरू होतो. नाव घराचे असले तरी ती जंगम मालमत्ता आहे आणि तिची किंमत दरवर्षी उतरणारच, हे व्यापारी घरांतील वाचकांना वेगळे सांगायला नको.

मिनेसोटाहून निघालेले एखादे दांपत्य ३५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने डि मॉइन, कॅन्सस सिटी, ओक्लाहोमा सिटी ही शहरे मागे टाकत टेक्सासमधील सॅन अँटोनियोपर्यंत उतरते. तेथून १० क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेकडे वळून ॲरिझोना गाठते. घाई कोणालाच नसते. या प्रवाशांत तीनाचा नियम म्हणून एक संकेत रूढ आहे: दिवसात ३०० मैलांहून, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटरहून, अधिक चालवायचे नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामी पोहोचायचे, आणि एका ठिकाणी निदान ३ दिवस राहायचे. साठी ओलांडलेल्या शरीराची मर्यादा ओळखून केलेला हा नियम आहे. आपल्याकडे एका दिवसात चार तीर्थे उरकणाऱ्या मोटारींनाही तो मानवेल.

ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेजवळ क्वार्टझसाइट हे वाळवंटातील छोटेसे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची कायम वस्ती अडीच हजारांच्याही आत होती. जानेवारीत मात्र भोवतालचा माळ हजारो आरव्हींनी भरून जातो. रत्ने व खडकांचे बाजार भरतात, आरव्हींचे मोठे प्रदर्शन होते. गावाबाहेरची बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे आहे. हिवाळी पाहुण्यांची सोय व्हावी आणि वाळवंटाचेही रक्षण व्हावे म्हणून या खात्याने १९८३ मध्ये दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे आखून दिली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या परवान्याचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर होते आणि १४ दिवसांचे ४० डॉलर. या शुल्कात वीज व नळाची जोडणी मिळत नाही. उभे राहायला जमीन, पाणी भरून घेण्याची जागा, सांडपाणी व कचरा टाकण्याची सोय एवढेच मिळते. वीज ज्याने त्याने छतावरील सौर पट्ट्यांवर करावी. वाटेतील सर्व सोयींच्या खासगी तळांवर पैसे मोजावे लागतात, ते येथे काटकसरीने भरून काढले जातात.

याच गावात एका लहानशा पिरॅमिडवर धातूचा उंट उभा आहे. अमेरिकी लष्कराने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणवले, तेव्हा त्यांच्याबरोबर १८५६ मध्ये सीरियाकडून आलेल्या हाजी अली या उंटवाल्याची ती समाधी आहे. स्थानिकांनी त्याचे नाव ‘हाय जॉली’ करून टाकले. उंटांचा प्रयोग फसला, पण माणूस तेथेच रुजला आणि १९०२ मध्ये तेथेच वारला. दरवर्षी येऊन परत जाणाऱ्यांच्या गावी सर्वांत मोठा मान न परतलेल्या परदेशी माणसाला मिळाला आहे.

या भटकंतीत पैशांइतकाच दिवसांचाही हिशेब ठेवावा लागतो. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील रहिवाशाला सरकारी आरोग्यविमा टिकवायचा असेल, तर कोणत्याही १२ महिन्यांत साधारणतः २१२ दिवसांहून अधिक काळ प्रांताबाहेर राहता येत नाही. अमेरिकेच्या करखात्याचे गणित निराळे आहे. चालू वर्षातील मुक्कामाचे सर्व दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ झाली, की परदेशी पाहुणा करापुरता तेथील रहिवासी ठरू शकतो. दरवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १८० होते, म्हणून तो सुटतो. मुलांकडे वर्षाआड महिनोन्महिने जाऊन राहणाऱ्या आपल्याकडील आई-वडिलांनीही ही बेरीज ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तरीही या मंडळींचा खरा ओढा केवळ उन्हाकडे नसतो. वाटेवर कोठे जुना सहकारी निवृत्त होऊन राहिलेला असतो, कोठे पूर्वीचे शेजारी, कोठे कॉलेजातली मैत्रीण. प्रवासाचा नकाशा त्यांच्या पत्त्यांवरून आखला जातो. यजमानाच्या अंगणात गाडी उभी करायची, त्याच्या गॅरेजमधून दिव्यापुरती वीज घ्यायची आणि दोन-तीन रात्री राहायचे. अंथरूण स्वतःचे, स्वयंपाकघर स्वतःचे. घराबाहेर पडताना डबा आणि पाण्याचे भांडे बरोबर घेणाऱ्या कुटुंबांना यातील सोय तत्काळ उमगेल. यजमानीण दमत नाही, पाहुण्याला संकोच वाटत नाही आणि संध्याकाळ निवांत गप्पांसाठी मोकळी राहते. काही वसाहतींत अशी गाडी रात्रभर अंगणात ठेवण्यास मनाई असते. म्हणून आधी विचारून जाणे हा शिष्टाचार समजला जातो, आणि किती दिवसांनी निघणार हे आल्याबरोबर सांगणे हाही.

वाळवंटातील मुक्कामावर दरवर्षी तीच मंडळी त्याच जागेच्या आसपास उतरतात. दुपार कलली की खुर्च्यांचे वर्तुळ जमते. एखाद्या जानेवारीत ओळखीची जागा रिकामी दिसते. विचारण्याआधीच उत्तर बहुधा समजलेले असते.

सर्वांनाच हे जीवन हौसेने लाभते असे नाही. जेसिका ब्रूडर या पत्रकार लेखिकेचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यावर चित्रपटही निघाला. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर किंवा बचत गमावलेली वयस्क माणसे गाडीतच संसार थाटून गोदामांत, शिबिरस्थळांवर आणि बीटाच्या सुगीत हंगामी मजुरी कशी करतात, याचे चित्र त्यात आहे. क्वार्टझसाइटच्या माळावर दोन्ही प्रकारच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. रस्ता तोच, माळही तोच. एकाला परतण्यासाठी घर आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढाच भेद, पण तो सर्व काही ठरवतो. म्हणूनच राहते घर विकून गाडी घेण्याचा सल्ला तेथील जाणती माणसे सहसा देत नाहीत.

प्रवासाचा शेवट कसा करावा, याचाही विचार या लोकांनी केला आहे. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ ही आरव्ही प्रवाशांची संघटना स्थापन केली. तिचे मुख्यालय टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे आहे. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांना पुढे जाता येत नाही, त्यांच्यासाठी तेथे एक केंद्र चालते. माणूस स्वतःच्याच चाकांवरच्या घरात राहतो. जेवण, देखभाल आणि डॉक्टरांकडे ने-आण केंद्र पाहते. या वर्तुळात आणखी एका गोष्टीचा आग्रह धरला जातो: पती आणि पत्नी दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे, टाक्या रिकाम्या करता आल्या पाहिजेत, कागद कोठे आहेत हे ठाऊक असले पाहिजे. नेहमी चालवणारा परक्या राज्यात, घरापासून दोन हजार किलोमीटरवर आजारी पडला, तर शेजारच्या आसनावरच्या व्यक्तीला शिकण्यासाठी वेळ मिळत नाही.

आपल्याकडे रस्ते, वाहने आणि कुटुंबाची घडण वेगळी आहे. आरव्हीचे अनुकरण करण्याचे कारण नाही. परंतु हा शेवटचा आग्रह प्रत्येक पेढीला आणि घराला लागू आहे. दुकानाचा सारा व्यवहार, ठेवींच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे एकाच्याच डोक्यात असतात आणि शेजारच्या आसनावर बसलेल्या गृहिणीला लॉकरची किल्ली कोठे असते एवढेच ठाऊक असते, अशी घरे आजही कमी नाहीत. ज्यांची गाडी खऱ्या अर्थाने दोघे चालवतात, त्यांचा प्रवास एकाच्या आजाराने अडत नाही.

दुसरी गोष्ट मित्रांची. बचत खात्यात दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर बँक ते निष्क्रिय ठरवते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. तरीही ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क राहतो आणि मागणी केल्यास पैसे परत मिळतात. मैत्रीच्या खात्याला ही सवलत नाही. गाडीत उतारा पडण्यापूर्वी, गुडघे चालतात तोवर, या हिवाळ्यात कोणाच्या दारी दोन दिवस जायचे हे ठरवावे, त्यांना आधी कळवावे, आणि जाताना आपला डबा आपण न्यावा.