मामा, कोण बघतं?

माझा भाचा लोअर परळला नोकरी करतो. ज्या आवारात एके काळी गिरणीचा भोंगा व्हायचा, तिथल्या काचेच्या इमारतीत बसून लोकांचं लक्ष कुठं वळतं याचे तो आलेख काढतो. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर मोदक हातात घेऊन त्यानं विचारलं, "मामा, तुझ्या वेबसाइटवर महिन्याला किती जण येतात?" मी म्हटलं, असतील साठ-सत्तर. तो हसला नाही. बहिणीचे संस्कार चांगले आहेत. फक्त म्हणाला, "मग इन्स्टावर टाक ना. इथं कोण बघतं?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, तोंडात मोदक होता. ते आता देतो.

आधी माझी इस्टेट सांगतो. बावीस पानं. गिरगावातल्या वाड्या: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट, खोताची वाडी, झावबाची वाडी आणि अशाच आणखी. प्रत्येकीला एक पान. कुठली चाळ कुठं होती, तळमजल्यावर कसली दुकानं होती, दारावरच्या पाटीवर अक्षर कसं कोरलं होतं, एवढंच. मेट्रो तीनसाठी इथल्या काही इमारती पाडल्या तेव्हा मी यादीला सुरुवात केली. दिवसा बँकेत बसतो, रविवारी एचटीएमएल लिहितो, हातानं, साध्या नोटपॅडमध्ये. मला कोणी प्रोग्रामर म्हणू नये. खरे प्रोग्रामर रागावतील.

भाच्याचा मुद्दा पोकळ नाही. जिथं गर्दी तिथं दुकान, हे लालबागच्या मसाला गल्लीतल्या कुठल्याही माणसाला शिकवावं लागत नाही. मलाही मसाला विकायचा असता किंवा मंडळाची वर्गणी जमवायची असती, तर मी मुकाट्यानं इन्स्टावर गेलो असतो. पण या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पान म्हणजे जाहिरात, आणि जाहिरातीचं मोल डोळ्यांच्या संख्येवर. आमच्या जिन्याखाली एक फळा होता. पाणी किती वाजता येणार, कोण वारलं, सत्यनारायण कोणाकडे, हे त्यावर खडूनं लिहिलेलं असे. तो किती जण वाचतात हे कोणी कधी मोजलं नाही. ज्याला पाणी भरायचं होतं तो वाचत होता. माझ्या साठ-सत्तरांत बहुतेक जण आपल्या आजोळच्या चाळीचं नाव शोधत आलेले असतात. त्यांना दुसरीकडे ते सापडत नाही. लाखभर लोक बोटानं वर सरकवून पुढं गेले असते, तर त्यांना काय मिळालं असतं, आणि मला तरी काय?

शिवाय ज्या गर्दीत मला जायला सांगतात, ती जागा कोणाची? जिओसिटीज नावाची वसाहत १९९४ साली सुरू झाली. तिथं फुकट पान मिळे, आणि गंमत म्हणजे तिची रचना थेट आपल्यासारखी होती: विषयवार मोहल्ले आणि प्रत्येक पानाला घरक्रमांक. याहूनं ती १९९९मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला गेलं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये. मालकानं इमारत विकली की भाडेकरूनं बिऱ्हाड उचलायचं, हे गिरगावकराला नवं नाही. पण गिरगावच्या भाडेकरूच्या हातात निदान भाड्याची पावती असते.

आता थोडं माझ्याच बाजूच्या लोकांविरुद्ध. स्वतःची साइट करणाऱ्या हौशी मंडळींना एक टाळीचं वाक्य फार आवडतं: "हे माझं स्वतःचं घर आहे." नाही. डोमेनचं नाव कोणी विकत घेत नाही. वर्षाचे पैसे भरता तोवर ते तुमचं. एका वर्षी विसरलात की दुसरा कोणी ते घेऊन तिथं जुगाराची पाटी लावायला मोकळा. खरी उपमा पागडीची. मालकी नाही, पण नुसतं भाडंही नाही; खोली दुसऱ्याला देता येते, आणि दर महिन्याची किरकोळ रक्कम भरत राहिलात तर कोणी हलवत नाही. पागडीत नसलेली एक सोय मात्र इथं आहे. नाव एकीकडे असतं, सामान दुसरीकडे. माझी बावीस पानं कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर ठेवलेली असतात, आणि "हे नाव विचारलं तर त्या संगणकाकडे पाठवा" अशी नोंद तिसरीकडेच असते. ती नोंद मी बदलू शकतो.

हे मला अनुभवानं कळलं. मी जिथं पानं ठेवली होती त्या कंपनीनं तीन वर्षांपूर्वी दहा दिवसांची सूचना देऊन गाशा गुंडाळला. कंपनीचं नाव सांगत नाही, काय उपयोग. शनिवारी बँक सुटल्यावर पेनड्राइव्हवरची पानं नव्या जागी चढवली. बावीस पानांचा सगळा मजकूर मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढाही भरत नाही. नोंद बदलली, झोपलो. सकाळी जुन्याच पत्त्यावर सगळं जसंच्या तसं होतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला पत्ताही लागला नाही की रात्रीतून बिऱ्हाड हललं. इन्स्टावरचं पान असं उचलून नेता येत नाही.

भाच्याचा दुसरा हल्ला अधिक जबर होता, आणि त्यासाठी त्यानं आकडा आणला. प्यू या अमेरिकन संस्थेनं २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. "म्हणजे तुझ्यासारख्यांची पानंही मरतातच."

मरतात. मराठीत तर जास्तच वाईट मेली. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शेल खात्यात पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटायची. चित्र नाही की देवनागरी नाही. पुढं लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी संगणक जोडणाऱ्या पोरांनी मराठी पानं केली, ती शिवाजी, शुषा, किरण अशा फॉन्टांवर. पान उघडलं की वर सूचना: आधी फॉन्ट उतरवून घ्या. त्या फॉन्टांत 'क'च्या जागी कुठलं तरी रोमन अक्षर असायचं आणि फॉन्ट त्याला 'क'चं सोंग द्यायचा. फॉन्ट गेला, सोंग उतरलं. आज ती पानं सापडली तरी कोणी टंकयंत्रावर मांजर सोडल्यासारखी दिसतात. हौशींनीच हा खड्डा खणला असं मात्र म्हणू नका. वर्तमानपत्रंही त्याच वाटेनं गेली होती. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण ती विंडोजमध्ये यायला २००० उजाडलं. तिच्यासोबत आलेला मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींचा. ज्यांनी त्यानंतर आपली पानं साध्या युनिकोडमध्ये बदलून घेतली, त्यांची अजून वाचता येतात. म्हणून हा आकडा मी मान्य करतो, आणि त्याच कारणासाठी पानं साधी ठेवतो. जितकी हलती यंत्रं कमी, तितकं बिघडायला कमी.

तिसरा मुद्दा हल्ली सगळ्यांच्याच तोंडी आहे: आता तयार साचे मिळतात, यंत्र दोन मिनिटांत साइट बांधून देतं, हातानं लिहायचा हा उपद्व्याप कशाला? इथं मात्र मी हट्टी आहे, कारण या साच्यांनी माझ्या भाषेचं काय केलं ते मी रोज बघतो. साचे इंग्रजीसाठी कापलेले असतात. मथळ्यातली अक्षरं जरा सुटी दिसावीत म्हणून त्यांच्यामध्ये जागा सोडायची, ही तिकडची शोभा. तीच आज्ञा मराठी मथळ्याला लागली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द मोडक्या कठड्यासारखा दिसू लागतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं असतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. बऱ्याच फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येत नाही. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी असं नोंदवलं आणि फॉन्टात तशी सोय असली, की दोन्ही अक्षरं घरी परततात. एकाच शब्दाचं काम, पण साचा ते करत नाही. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोपर्यंत 'ॲसिड' लिहायला लोकांनी काय काय कसरती केल्या! मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं 'मुक्ता'सारखे फॉन्ट खुले करून दिलेत, म्हणून माझ्यासारख्याला फुकटात चांगलं अक्षर वापरता येतं.

आणि यंत्र? एकदा मी एका वाडीचं पान बोलून टंकून घेतलं. तिथं लग्नसराईत जेवणावळी उठत, मागच्या बाजूला आचाऱ्यांची खोली होती. यंत्रानं तिथं आचार्यांना नेऊन बसवलं. अर्धा र चुकला आणि कढईपाशी वेदपठण सुरू झालं. दुसऱ्याच्या जागेवर मी हे बघून हळहळलो असतो. माझ्या पानावर दुरुस्त केलं.

स्वतःच्या अक्षरासाठी हात काळे करण्याची ही खोड मुंबईला फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि घरी लाकडी यंत्र उभं केलं, शाई स्वतः खपून बनवली, पुढं खिळेही पाडले. विकत घ्यायला मराठी छपाईची तयार सोय नव्हती, म्हणून त्यांनी केली. शतकभरानं, १९५०च्या दशकात, 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघालं. १९६३मध्ये अशोक शहाण्यांचं 'असो'. त्या मंडळींचं भांडण ज्या 'सत्यकथा' मासिकाशी होतं, त्याचं कार्यालय इथंच, आमच्या खटाववाडीत होतं. १९६९मध्ये त्याचा अंक तिथंच जाळला गेला. मला त्या भांडणात पडायचं नाही. सत्यकथेच्या संपादकांइतक्या बारकाईनं कोणी माझं एक वाक्य वाचलं असतं तर मी धन्य झालो असतो. मला हेवा वाटतो तो सायक्लोस्टाइलच्या यंत्राचा. स्टेन्सिल कापलं, शाई लावली, कोणाला विचारायचं नाही. पहिल्या पानावर काय, शेवटच्या पानावर काय, हे कुठलंही गणित ठरवत नव्हतं. माझ्याजवळचं नोटपॅड त्याच जातीचं आहे. इतकंच साम्य, 'शब्द'वाल्या कवी अरुण कोलटकरांशी बरोबरी कोणी करू नये.

राहिला "हौशी" हा शब्द. भाचा तो जरा दयेनं उच्चारतो. परळच्या दामोदर नाट्यगृहात पाळी संपवून आलेले गिरणीकामगार तोंडाला रंग लावून उभे राहत. पोट गिरणीवर होतं, म्हणून नाटक हलकं झालं नाही. दामोदर २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. त्या रंगमंचावर पहिल्यांदा पाऊल टाकलेल्या किती जणांची नावं आज कुठं नोंदलेली आहेत? एखाद्या नातवानं दोन पानं लिहून ठेवली, तर तेवढी राहतील.

गेल्या महिन्यात एक मेल आलं. मुलानं आईच्या वतीनं लिहिलं होतं. बाई आता डोंबिवलीला असतात, लग्नापूर्वी मुगभाटात राहत. पान वाचून दाखवल्यावर त्यांचं म्हणणं पडलं, की दुसऱ्या मजल्यावरचा नळ जिन्याच्या डावीकडे नव्हता, उजवीकडे होता, आणि हे लिहिणाऱ्याला कळवलंच पाहिजे. भाचा तेव्हा घरी होता. मी फाइल उघडली, 'डावीकडे' खोडून 'उजवीकडे' केलं, चढवली.

"एका शब्दासाठी?" तो म्हणाला.

"नळाचा प्रश्न होता," मी म्हटलं. तो चाळीत वाढलेला नाही.