काही होत नाहीये, मग टेस्ट कशाला?

शनिवारी नागोठण्याला ताईकडे गेलो. तिला पाचवा महिना. डॉक्टरांनी युरिन कल्चर सांगितलं म्हणून बाईसाहेब वैतागलेल्या. "मला काही होतच नाहीये, मग कशाला?"

अहो, गोम तिथेच आहे! गरोदरपणात लघवीत जंतू वाढले तरी कधीकधी ना जळजळ, ना ताप. दुर्लक्ष केलं तर ते किडनीपर्यंत पोचू शकतात. मग बाळ ३७ आठवड्यांआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. वेळेत सापडले तर डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिक्सचा कोर्स पुरतो. फक्त तो अर्धवट सोडायचा नाही.

सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, हेही तिला सांगितलं.

सोमवारी ताई टेस्ट करून आली. मामा व्हायची घाई मला आहे, पण भाच्याने घाई करू नये!