वर्षातले अठरा तास आणि रोजचे दोन तास

दरवर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त वा महापरिनिर्वाण दिनानिमित्त अनेक महाविद्यालयांत व विद्यापीठांत ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत विद्यार्थी ग्रंथालयात वाचत बसतात. ही आदरांजली आम्हांला हारफुलांपेक्षा अधिक मोलाची वाटते. परंतु या शाळेचे माजी विद्यार्थी म्हणून आणि आता महाविद्यालयांत शिकवणारे म्हणून आपल्या मुलामुलींची अंतिम परीक्षेची तयारी आम्ही जवळून पाहतो, तेव्हा एक गोष्ट स्पष्टपणे मांडावीशी वाटते. वर्षातून एकदा अठरा तास बसणारा विद्यार्थी समाजाने घडवला. रोज दोन तास बसणारा विद्यार्थी घडवणे अद्याप बाकी आहे.

बाबासाहेबांचा अभ्यास हा एका दिवसाचा पराक्रम नव्हता. परळच्या चाळीतील एका खोलीत, सारे घर झोपलेले असताना, रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवीत आणि दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडले जाई. १९१२ साली ते बी.ए. झाले, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी मिळवली. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तेथे बसत. त्या दीर्घ तपाचे सार सातत्यात आहे. आपण मात्र तासांचा आकडा उचलला आणि सातत्य मागे ठेवले.

निवासी शाळेत सातत्य राखणे तुलनेने सोपे असते. पहाटेची घंटा होते, वंदना होते, अभ्यासिकेत सर फेरी मारतात. बारावीनंतर मूल शहरात जाते आणि ती घंटा थांबते. तिघाचौघांत भाड्याची खोली, संध्याकाळी दुकानात वा कुरिअरचे काम, हातात मोबाईल आणि मराठी माध्यमातून येऊन अचानक इंग्रजीत ऐकावी लागणारी व्याख्याने, अशा परिस्थितीत सत्राचे पहिले तीन महिने हातातून निसटतात. मग शेवटच्या पंधरवड्यात ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आणून रात्री जागवल्या जातात. एखादा विषय राहतो, एटीकेटी लागते, पुढच्या सत्रात जुना आणि नवा असा दुहेरी भार येतो. बुद्धी कमी पडल्याने मुले मागे पडतात, असे आम्हांला क्वचितच दिसते. ती मागे पडतात ती बहुधा अभ्यासाची घडी विस्कटल्याने.

या सातत्याला शास्त्राचाही आधार आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, नवे पाठ केलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते आणि एका बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून सलग अठरा तासांपेक्षा तेच तास नऊ दिवसांत वाटून दिले, तर परीक्षेत अधिक उपयोगी पडतात. त्या दोन तासांत काय करावे? दिवसभरात शिकवलेले पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहून काढावे. आठवड्यातून एकदा जुन्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत, कारण वाचलेले आणि तीन तासांत लिहिता येणारे यांत मोठे अंतर असते. पारिभाषिक शब्दांची इंग्रजी-मराठी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झोपावे. जागरणाने डोके जड होते व येणारेही आठवत नाही.

तथापि सारा उपदेश विद्यार्थ्यांनाच करून मोकळे होणे आम्हांला अन्यायाचे वाटते. ज्या घरात एकच खोली आहे, तेथे दोन तासांची शांतता कोठून आणायची? उन्हाळी परीक्षांचा काळ आणि जयंतीचा महिना बहुधा एकत्र येतात. त्याच दिवसांत वस्तीत रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक वाजत असेल, तर ‘शिका’ हा संदेश आपणच बुडवतो आहोत. मिरवणूक अवश्य निघावी. पण वस्तीतल्या परीक्षार्थीला रात्री वाचता येईल, एवढे भान मंडळांनी राखले पाहिजे.

काही विहारांत अभ्यासिका चालतात. त्या प्रत्येक विहारात असाव्यात. जेथे नाहीत तेथे चटया, चार ट्यूबलाईट, पिण्याचे पाणी आणि रात्री दहापर्यंत उघडे दार एवढ्याने आरंभ होऊ शकतो. मुलींना सुरक्षितपणे येता-जाता यावे, याची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ‘एक वही, एक पेन’ अभियानाने अभिवादनाची रीत बदलली. आता वही-पेनासोबत आठवड्यातील एक संध्याकाळही द्यावी, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. जो लेखापाल आहे त्याने वाणिज्य शिकवावे, जी परिचारिका आहे तिने जीवशास्त्राचे इंग्रजी शब्द समजावून सांगावेत, जो सरकारी नोकरीत आहे त्याने उत्तरे तपासून द्यावीत. पालकांनीही निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी सत्राच्या पहिल्या महिन्यात ‘आज काय वाचलेस?’ असे रोज विचारावे. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही हा प्रश्न विचारता येतो.

शाळेने आपल्यासाठी वर्षानुवर्षे पहाटेची घंटा वाजवली. महाविद्यालयात गेलेल्या मुलांसाठी ती वाजवण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.